जड पाण्यातले पाहुणे

आयुष्यात मला बऱ्याच जणांनी नकार दिला आणि बहुतेकांचा मी मनावर घेतला नाही. पण शोभेच्या माशांच्या दुकानदारानं दिलेला नकार मला लागला. कारण तो मला नव्हता, माझ्या पाण्याला होता.

मी दाखवलेले मासे काढायला हातातली जाळी टाकीत बुडवता बुडवता त्यानं सहज विचारलं, "राहता कुठं?" मी सांगितलं, टेकडीच्या पायथ्याशी, पंपघराच्या मागच्या गल्लीत. त्याचा हात तिथंच थांबला.

"मग हे नका नेऊ, ताई. ते लाल शेपटीवाले न्या. बादलीत ठेवले तरी बाळसं धरतात."

"आणि हे?"

"हे नाजूक. मऊ पाण्यातली जात. तुमच्याकडचं पाणी म्हणजे पातळ केलेला दगड. तिथं माणसांचे केस टिकत नाहीत, हे काय टिकणार?"

आता आमचं पाणी जड आहे हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. आमच्या नळांना पांढरी दाढी फुटते. शॉवरची निम्मी भोकं बुजलेली आणि उरलेली नेम धरून फक्त टॉवेल भिजवतात. साबणाला फेस येत नाही, तो नुसता ओशाळतो. पण घरच्याला घरच्यांनी नावं ठेवणं वेगळं, परक्यानं भर दुकानात ठेवणं वेगळं. हेच पाणी पिऊन मी वाढले. याच पाण्यात माझ्या लेकीला पहिली अंघोळ घातली. दुकानात उभ्या उभ्याच मनात ओळी जुळल्या, मला रागावल्यावर त्या आपोआप जुळतात:

जड गं माझं पाणी, खडकाच्या पोटातून आलं
पिऊन वाढले मी, माझं कुठं काय झालं?

"हेच द्या," मी म्हटलं. "अर्धा डझन."

"मरतील."

"मेले तर माझ्या नावानं बोंब मारा."

त्यानं पिशवी भरली खरी, पण ती अशी हातात दिली, जशी काही लेकच वाईट घरी द्यावी लागते आहे.

मासे होतेच तसे जीव लावणारे. करंगळीच्या पेराएवढा जीव, आणि कुशीवरून एक तपकिरी रेघ, घाईघाईत काजळ ओढावं तशी. तोंड पोटाच्या बाजूला. त्या तोंडानं काचेला चिकटायचं आणि शेवाळ खरवडत पुढं पुढं जायचं, एवढाच त्यांचा संसार. भांडण नाही, तंटा नाही, एकमेकांच्या शेपटीला चावणं नाही. आमच्या इमारतीतल्या कुठल्याही कुटुंबापेक्षा बरे. आम्ही त्यांना 'चिकटे' म्हणायला लागलो.

आणि शेवाळाला आमच्याकडे तोटा नव्हता. टाकी खरं म्हणजे लेकीची. ती शिकायला लांब गेली, तिचे मासे म्हातारे होऊन एकेक करत गेले, आणि मागं उरली ती काचेची पेटी, बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारी, हळूहळू हिरवी होत गेलेली. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. पण खालच्या मजल्यावरच्या काकू काही टाळत नव्हत्या. त्या शिवणकाम करतात, गळ्यात कायम मापाची पट्टी, म्हणून आम्ही त्यांना मापकाकू म्हणतो. त्या एकदा आल्या, टाकीची लांबी-रुंदी पट्टीवर घेतली आणि म्हणाल्या, "यात आता मासे नाहीत, पालेभाजी आहे. मला द्या की. माझे कॅक्टस छान बसतील."

रिकामं घर तसं मोठं असतं, पण त्यातला एखादा कोपरा कुणी मागितला की कळतं, तो किती भरलेला होता. म्हणून मी दुकानात गेले होते, शेवाळ खाणारे पाहुणे आणायला.

पाहुणे आले आणि आठवडाभरात काच अशी लखलखली की विचारू नका. कचेरीतून आले की मी पर्स खाली ठेवायच्या आधी टाकीपुढं उभी राहायचे.

"बघा, कसे राबतात!" मी नवऱ्याला म्हणायचे. "घरात कुणी तरी न सांगता काम करतंय."

नवरा वर्तमानपत्राआडून म्हणायचा, "टोमणा कळला."

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले असायचे. ते कौतुक ऐकून त्यांचा चेहरा असा फुलायचा की मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला मुक्या जीवांचा किती लळा! अण्णांची सगळी नोकरी मोठ्या हॉस्पिटलात गेली, ऑपरेशनच्या खोल्यांची सफाई त्यांच्या देखरेखीखाली असायची. त्यांनी 'झाली' म्हटल्याशिवाय डॉक्टर आत पाऊल टाकत नसत. निवृत्त झाल्यावर ती शिस्त त्यांनी आमच्या घराला लावली. आमच्याकडे धुळीला बसायला जागा मिळत नाही, ती उभीच असते.

मग एक चिकटा मेला. लगेच दुसरा. उरलेले रोडावत चालले. पोटं आत गेली, रंग उतरला. काचेवर फिरायचं सोडून सगळे टाकीतल्या पंपाच्या पाठीमागं, पार मागच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं जाऊन बसायला लागले. मला वाटलं, रुसलेत. काकडीची चकती टाकली, तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"राबून राबून वाळले," मी म्हटलं.

"पाणी," नवरा म्हणाला. "दुकानदार सांगत होता."

"पाण्याचं नाव काढू नका!"

पण पाण्याचं नाव सगळ्या जिन्यानं काढलं. मापकाकू मेलेला मासा बघायला आल्या आणि जिवंत टाकीकडे बघून पट्टी चाचपत म्हणाल्या, "कधी नेऊ?"

आता माणसानं अशा वेळी गप्प बसावं. मी जिन्यात उभी राहून, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हे उरलेले जगले नाहीत, तर टाकी तुमची! कॅक्टससकट मीच मांडून देते! पण जगतील. आणि याच पाण्यात जगतील!"

वरच्या मजल्यावर एक दार उघडलं आणि वरचे इंजिनिअर खाली आले. सल्ला देण्याची वेळ झाली की हे गृहस्थ न बोलावता येतात, एरवी वर्गणीसाठी चारदा हाक मारावी लागते.

इथून पुढं जे झालं त्याला मी लढाई म्हणेन. नवरा त्याला वेगळं काही म्हणतो.

आधी पाणी उकळलं. घरातलं प्रत्येक पातेलं गॅसवर चढलं. पाणी उकळून गार व्हायचं, तळाशी पांढरा थर बसायचा, वरचं टाकीत जायचं. आम्हाला स्वयंपाकाला भांडं उरायचं नाही. मग इंजिनिअरांनी सांगितलं, उकळल्यानं अर्धंच काम होतं, बदामाच्या झाडाची वाळकी पानं उकळा, त्या काढ्यानं पाणी मऊ पडतं. मी बागेत जाऊन पिशवीभर पानं वेचली. माळी म्हणाला, "बाई, झाडायला सांगितलं कुणी?" मी म्हटलं, "माशांनी." त्यानं झाडू माझ्यापासून जरा लांब ठेवला.

काढा छान तांबूस झाला. किटलीत गाळून ठेवला आणि मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर नवऱ्यानं पाहुणचार केलेला. समोर इंजिनिअर, हातात कप.

"वहिनी, आज चहा काही वेगळाच," ते म्हणाले. "मसाला कोणता?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं किटलीकडे बघितलं. मग मी अतिशय शांतपणे म्हटलं, "तुमचाच सल्ला आहे तो. दूध-साखर घातलीय फक्त."

ते पंधरवडाभर फिरकले नाहीत. त्या काढ्याचा तेवढा गुण मात्र आला. माशांना नाही.

उलट, रोज एक नवं पाणी. आज उकळलेलं, उद्या काढ्याचं, परवा साधं. बिचारे रोज सकाळी परगावी उठल्यासारखे बावचळलेले. आणखी एक गेला. उरले तीन.

तेव्हा मला कचेरीतला एसी सुचला.

विम्याच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाला अशा कल्पना सुचतात, कारण तिथं खिडकीबाहेर बघायला वेळ असतो. खिडकीबाहेर एसीची नळी, नळीतून टिपटिप पाणी. हवेतून आलेलं, दगडाला न शिवलेलं, आकाशातनं उतरलेल्या परीसारखं मऊ पाणी! मी दोन कॅन आणले आणि नळीखाली लावले. संध्याकाळी भरलेले दोन्ही कॅन घेऊन फाटकापाशी आले, तर रखवालदारानं काठी आडवी धरली.

"कॅनमध्ये काय?"

"पाणी."

"कुठलं?"

"एसीचं."

"एसी कुणाचा?"

"कचेरीचा."

"मग पाणीही कचेरीचं. पास आणा."

दुसऱ्या दिवशी मी प्रशासन अधिकाऱ्यांपुढं उभी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आमच्या कचेरीत याचा अर्थ विषय गंभीर आहे.

"बाई, हे पाणी टाकाऊ म्हणायचं की वापरातलं?"

"टाकाऊच की. गटारात जातं."

"टाकाऊ म्हटलं तर असं कुणा एकाला देता येत नाही. लिलाव करावा लागेल."

"मग वापरातलं म्हणा."

"वापरातलं असेल तर बाहेर जाणारच नाही."

"साहेब, जीव जातोय तिकडं!"

त्यांची लेखणी थबकली. "कुणाचा? कुटुंबातला आहे का? आश्रितांमध्ये नाव लावलंय?"

माझा अपमान मी सोसला असता. पण काचेला चिकटून, कुणाकडे काही न मागता जगणारे तीन जीव, आणि त्यांना हा आश्रित म्हणतो? मी तिथूनच उठले, फाटकापाशी गेले आणि रखवालदाराच्या डोळ्यांदेखत त्यानं अडवून ठेवलेले दोन्ही कॅन तिथल्या कुंडीत ओतले.

"घ्या!" मी म्हटलं. "कचेरीचं पाणी कचेरीच्या झाडाला! माझ्या माशांना माझं पाणी पुरे आहे!"

कुंडीतलं झाड प्लॅस्टिकचं होतं, हे मला नंतर दिसलं. पण राग एकदा ओतला की परत कॅनमध्ये भरता येत नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भर दुपारी घरी आले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर अण्णा टाकीपुढं. बाह्या वर सरकवलेल्या, डाव्या हातानं पंप बाजूला धरलेला, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. हातात लांब दांडीचा मऊ ब्रश. वरून खाली, वरून खाली, एकही जागा न सोडता ते काच घासत होते, ओठांतल्या ओठांत गुणगुणत. मुलाचं अंग चोळावं तसं. मागच्या कोपऱ्यात तिन्ही चिकटे, पंपानं झाकलेल्या वीतभर काचेवर, एकमेकांना खेटून.

"अण्णा!"

ते दचकले. पाणी जमिनीवर सांडलं. ते आधी फडक्यानं त्यांनी टिपलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तू आज लवकर?"

"हे काय करताय?"

"काही नाही गं. तू दमून येतेस. ती खालची बाई पालेभाजी म्हणाली, ते मला बरं वाटलं नाही. माझ्या सुनेच्या घराला कुणी घाण म्हणावं?" मग जरा ओशाळून म्हणाले, "रोज दुपारी एक हात मारतो. तू माशांचं कौतुक करायचीस, म्हटलं असू दे. त्यांचं कौतुक झालं काय, माझं झालं काय."

"आणि हा पंपामागचा कोपरा?"

"तिथं माझा हात पोचत नव्हता. आज म्हटलं, पंपच हलवू. तेवढाच एक राहिलाय हिरवा."

तेवढाच एक राहिलाय हिरवा. पाणी नव्हे, दगड नव्हे, रुसवा नव्हे. शेवाळावर जगणारे जीव आणून मी त्यांना जगातल्या सगळ्यात स्वच्छ माणसाच्या घरी ठेवलं होतं! त्यांना उरला होता तो एक कोपरा, आणि त्या कोपऱ्यातल्या दाण्यापाण्यासाठी ते तिथं दाटी करून बसले होते. आणि बाहेर मी पातेली उकळत होते, पानं वेचत होते, प्रशासनाशी भांडत होते.

घासून घासून काच केली आरशावाणी
पाहुण्यांच्या ताटी वाढलं निव्वळ पाणी

मी अण्णांना समजावून सांगितलं. जमेल तितक्या हळुवारपणे, कारण ज्या माणसानं आयुष्यभर एकच गोष्ट नीट केली, त्याला ती बंद करायला सांगणं म्हणजे त्याचा हात धरण्यासारखं असतं. त्यांनी ब्रश झटकून बाजूला ठेवला.

"म्हणजे ते तीन मी मारले?"

"आपण मारले, अण्णा. मी पाणी बदलून, तुम्ही काच घासून."

"आणि हे तीन?"

"हे जगले पाहिजेत. नाहीतर टाकी खाली जाईल."

अण्णांनी हात पुसले. एकेक बोट वेगळं. मग म्हणाले, "शेवाळ वाढवायला काय लागतं?"

ज्यानं उभ्या आयुष्यात एक डाग जगू दिला नाही, त्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न! मला भरून आलं, पण वेळ भरून येण्याची नव्हती.

काच घासणं त्याच दिवशी थांबलं, नळाचं साधं पाणी चालू झालं आणि रोजचे बदल बंद. पण टाकीतलं शेवाळ एका रात्रीत थोडंच उगवतं? म्हणून अण्णांनी बरण्या काढल्या. बरणीत आमचंच जड पाणी, त्यात नदीतले गोटे, आणि सगळ्या बरण्या खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर, उन्हात. रोज सकाळी ते प्रत्येक गोटा अर्धा फिरवून ठेवायचे, म्हणजे सगळीकडून सारखा हिरवा व्हावा. ऑपरेशनच्या खोलीत काय शिस्त असेल ती मला तेव्हा कळली. गोटा हिरवा झाला की टाकीत, टाकीतला खाऊन साफ झालेला परत उन्हात. अधूनमधून त्यांचा हात फडक्याकडे जायचा. मग ते तो हात दुसऱ्या हातानं धरून बसायचे.

एक चिकटा अगदीच निपचित होता. तो दोन दिवस गोट्यावर नुसता पडून राहिला. अण्णा खुर्ची ओढून त्याच्यापुढं बसले. "खा रे," एवढंच म्हणायचे. तिसऱ्या दिवशी त्याचं तोंड हललं. अण्णांनी मला हाक मारली नाही, हातानंच खूण केली, बोलल्यानं तो थांबेल म्हणून.

पण खालून वर बघणाऱ्याला गोटे दिसत नाहीत, हिरव्या बरण्या दिसतात. आणि खालून वर बघणाऱ्या कोण, हे सांगायला नको.

रविवारी इमारतीचे अध्यक्ष आले. मागं मापकाकू. त्यांच्या मागं इंजिनिअर, चहाला नको नको म्हणत.

"वहिनी, तक्रार आहे," अध्यक्ष दारातूनच म्हणाले. "खिडकीत घाण पाणी साठवलंय. डास होतील. इमारतीची शोभा जाते."

"डास नाहीत. वरून जाळीचं कापड बांधलंय, बघा."

"आणि मासे मेले ना?" मापकाकू आत येत म्हणाल्या. "मग टाकी रिकामी करा, बरण्या काढा, विषय संपला. बाई गं, काय ही काच! कुणी पुसत नाही वाटतं?" आणि त्यांनी पदराचं टोक टाकीच्या पाण्यात ओलं करायला हात पुढं केला.

"हात लावू नका!"

आवाज अण्णांचा होता. असा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. बहुधा याच आवाजाला डॉक्टर दाराबाहेर थांबत असणार.

"ते पाहुण्यांचं ताट आहे," अण्णा म्हणाले. "माझ्या घरात भरलेल्या ताटाला कुणी हात घालत नाही."

"अहो, पण नियम—" अध्यक्ष म्हणाले.

"नियम मला माहीत आहेत," मी म्हटलं. "बरण्या हलणार नाहीत. पाणी बदलणार नाही. टाकी खाली जाणार नाही. या भागात जड पाणी आहे म्हणून इथं कुणी नाजूक जगूच नये असा ठराव झालाय का? झाला असेल तर आणा, मी त्याविरुद्ध हात वर करते."

अध्यक्षांनी चेहरा टाकीजवळ नेला, बहुधा घाण जवळून बघायला. आणि नेमका त्यांच्या नाकासमोर एक चिकटा येऊन काचेला लागला. आतून त्याचं गोल तोंड, खाली गुबगुबीत पांढरं पोट. तो खरवडायला लागला, पुढं सरकला, खरवडला, पुढं सरकला. मागं दुसरा आला. आणि सगळ्यांत शेवटी तो तिसरा, अजून थोडा बारीकच, पण खात होता. हिरव्या काचेवर तिघांच्या मागं तीन स्वच्छ रेघा उमटत गेल्या.

मापकाकूंचा पदर हातातच राहिला. इंजिनिअर चक्क खाली बसले. जेवणाऱ्या माणसापुढं आवाज चढवू नये, हे कुणाला शिकवावं लागत नाही. अध्यक्षही खालच्या पट्टीत आले.

"जेवतायत वाटतं," ते पुटपुटले.

"हो," अण्णा म्हणाले. "त्यांचं होऊ द्या. मग बसून बोलू बरण्यांचं."

"बरं बरं. आम्ही नंतर येतो," अध्यक्ष पाय न वाजवता मागं सरले. "किती वेळ चालतं साधारण?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ही जात उजाडल्यापासून दिवे मालवेपर्यंत खातच असते, तिला दुसरा उद्योग नाही, हे आम्हा दोघांनाही चांगलं माहीत होतं.

"सावकाश जेवतात," मी म्हटलं. "झालं की आम्हीच निरोप पाठवू."